आधी पोटोबा, मग गेम: इंडी गेमवर घर चालवण्याचा हिशोब

कुठला गेम बनवायचा हे बहुतेकांच्या डोक्यात वर्षानुवर्षं घोळत असतं. तो बनेपर्यंत घरभाडं कुठून भरायचं, हा प्रश्न मात्र नोकरी सोडल्यावर आठव्या-नवव्या महिन्यात दार ठोठावतो. अर्धवट पडलेल्या इंडी गेममध्ये (एकट्याने किंवा छोट्या चमूने स्वतःच्या बळावर केलेल्या गेममध्ये) चांगले गेमही पुष्कळ असतात. पैसे संपले तेव्हा ते सत्तर टक्के तयार होते, एवढंच. आणि सत्तर टक्के तयार गेमला गिऱ्हाईक नसतं. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे: आधी पैसे मोजायचे, मग त्यात मावेल असा गेम ठरवायचा.

आकडे डॉलरमध्ये आहेत, कारण गेम विकणारी मोठी ऑनलाइन स्टोअर त्याच चलनात हिशोब करतात. घरखर्चाचे आकडे मानलेले आहेत. तिथे आपले घालून गणित पुन्हा करा.

१. गाठीशी किती महिने आहेत?

बँकेचं गेल्या सहा महिन्यांचं स्टेटमेंट काढा आणि खात्यातून गेलेली प्रत्येक रक्कम बेरजेत घ्या. आठवून लिहिलेला महिन्याचा खर्च हमखास कमी भरतो, कारण वर्षातून एकदा येणारे खर्च आठवत नाहीत: विम्याचा हप्ता, लॅपटॉपची दुरुस्ती, दातांचं बिल. अशांची वर्षाची बेरीज बाराने भागा आणि महिन्याच्या खर्चात मिसळा. नोकरीत असताना जे कंपनी भरत होती तेही आता तुमच्याच खिशातून जाणार, हे धरा.

आता शिल्लक भागिले महिन्याचा खर्च. समजा उत्तर आलं २४. हे २४ महिने गेम बनवायला आहेत असं वाटतं, तसं नाही. तीन महिने आजारपण-अडचणीसाठी बाजूला काढा. गेम विक्रीला आल्यानंतरचे तीन महिने काढा. तेव्हा पैसे हातात आलेले नसतात आणि दिवस बग (गेममधल्या चुका) निस्तरण्यात जातात. चाचणी, ट्रेलर, भाषांतर, स्टोअरचं काम यासाठी आणखी तीन. उरले १५.

पहिल्या गेमचा वेळेचा अंदाज दुपटीने चुकतो असं धरूनच चाला. चुकतो का, तर अंदाज करताना डोळ्यांसमोर फक्त खेळाचा भाग असतो. मेनू, सेटिंग, कंट्रोलरवर सगळी बटणं चालणं, वेगवेगळ्या आकाराच्या स्क्रीनवर मजकूर न कापला जाणं, हे त्यात नसतं. एकटी सेव्हची, म्हणजे खेळ सोडला तिथून पुढे सुरू करायची सोयच घ्या. सुरुवातीला दोन दिवसांत होते. मग नवी शस्त्रं येतात, पातळ्यांची नावं बदलतात, आणि जुन्या सेव्ह फाइल उघडताना गेम बंद पडतो. त्यावर फाइलला आवृत्ती क्रमांक देणं आणि जुनी फाइल नव्या रचनेत आणणं हा उपाय, पण तो दर अपडेटला तपासावा लागतो. दोन दिवसांचे तीन आठवडे होतात ते असे.

तात्पर्य, १५ महिने हाताशी असतील तर 'सात-आठ महिन्यांत होईल' असं वाटणारा गेम निवडा.

२. प्रत्यक्ष खर्चाची यादी

स्टीम या संगणकावरच्या गेमच्या मोठ्या स्टोअरवर दर गेममागे १०० डॉलर भरावे लागतात; गेमची कमाई १,००० डॉलरवर गेली की ते परत मिळतात. ॲपलचं डेव्हलपर खातं वर्षाला ९९ डॉलर, गूगल प्लेचं एकदाच २५. ही रक्कम किरकोळ. खरा पैसा माणसांच्या कामात जातो: चित्रं, संगीत, ट्रेलर, भाषांतर, चाचणी.

पैसे थोडेच असतील तर पहिला मान कॅप्सूलला द्या, म्हणजे स्टोअरमध्ये गेमच्या नावासह दिसणाऱ्या त्या छोट्या चित्राला. खेळाडू यादी सरकवत असतो तेव्हा त्याला तेवढंच दिसतं. चित्रकाराला काम देताना ते सगळ्यात लहान आकारात दाखवायला सांगा. टपाल तिकिटाएवढं झाल्यावर गेमचं नाव वाचता येत नसेल तर चित्र कितीही देखणं असो, परत पाठवा. भाषांतराचे पैसे शब्दांवर लागतात, त्यामुळे संवादांनी भरलेला गेम दुसऱ्या भाषेत नेणं कोड्यांच्या गेमपेक्षा कितीतरी महाग पडतं. हे कथा लिहिण्याआधीच लक्षात असावं.

इंजिनाचं, म्हणजे ज्या तयार सॉफ्टवेअरवर गेम बांधतात त्याचं गणित सध्या नवख्यांच्या बाजूने आहे. गोडो पूर्ण मोफत आहे. अनरिअल एका गेमची एकूण कमाई १० लाख डॉलरपर्यंत जाईस्तोवर काही घेत नाही, त्यापुढच्या कमाईवर हिस्सा (रॉयल्टी) घेतं. मूळ दर ५ टक्के. युनिटीची मोफत आवृत्ती वर्षाला दोन लाख डॉलरपर्यंत कमावणाऱ्यांना चालते. पण युनिटीनेच सप्टेंबर २०२३ मध्ये दर इन्स्टॉलमागे शुल्क लावायची घोषणा केली होती आणि वर्षभराने ती मागे घेतली. त्या वर्षात अनेकांचे हिशोब उलटेपालटे झाले. ज्या दिवशी इंजिन निवडाल त्या दिवशीच्या अटींची प्रत जपून ठेवा.

संगीतकार किंवा चित्रकार ओळखीतला असला तरी कागद करा. 'गेम चालला की बघू' ही बोली करणाऱ्यांचं नंतर पटत नाही असंच काही नाही. अडचण वेगळीच येते. पब्लिशर (पैसे लावून गेम बाजारात आणणारी कंपनी) करार करण्याआधी विचारतो की गेममधल्या प्रत्येक चित्राचे, सुरावटीचे आणि फॉन्टचे हक्क तुमच्याकडे आहेत याचा पुरावा दाखवा. तो नसला की करार अडतो, आणि तोवर तो मित्र कुठे असेल सांगता येत नाही. कागदावर चार गोष्टी पुरतात: काय काम, किती पैसे, कधी द्यायचे, आणि हक्क कोणाकडे. वाटा द्यायचा असेल तर तो एकूण विक्रीवर की स्टोअर आणि कर वजा जाता हातात आलेल्या रकमेवर, हे लिहाच. या एका शब्दावर निम्मी भांडणं होतात.

३. एका प्रतीमागे हातात किती पडतात?

ही पायरी सावकाश करा. समजा गेमची किंमत १० डॉलर.

सगळे जण १० देत नाहीत. बऱ्याच प्रती सवलतीत जातात, आणि अनेक देशांत स्टीमची सुचवलेली किंमत मुळातच बरीच कमी असते. सरासरी ६.५० डॉलर मिळाले असं धरू. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून झालं असेल तर पैसे परत मागता येतात. दहा टक्के लोकांनी ते मागितले असं माना: उरले ५.८५. बऱ्याच देशांत दाखवलेल्या किमतीत विक्रीकर असतोच, तो सरासरी दहा टक्के धरला तर ५.२७. मग स्टीमचा ३० टक्के वाटा. हा वाटा एक कोटी डॉलरनंतर २५ होतो, पण त्याची काळजी तूर्तास नको. उरले ३.६९.

अमेरिकेबाहेर राहणाऱ्यांना अजून एक कात्री लागते. अमेरिकेत झालेल्या विक्रीच्या हिश्शावर तिथला कर आधीच कापला जातो, ३० टक्के. तुमच्या देशाचा अमेरिकेशी करार असेल तर कमी किंवा शून्य. विक्रीचा चाळीस टक्के भाग अमेरिकेतला आणि कराराचा दर १५ टक्के धरला, तर एकूण रकमेतून सहा टक्के गेले: ३.४६. बँक आणि चलन बदलण्याचे अडीच टक्के: ३.३८.

तर १० डॉलरच्या गेममागे खात्यात साधारण ३.३८. त्यावर आपला आयकर अजून बाकीच आहे. 'हजार प्रती म्हणजे दहा हजार डॉलर' असं डोक्यात असेल तर ते आत्ताच काढून टाका.

बाकीची स्टोअर कमी वाटा घेतात. एपिक एका गेमच्या वर्षाच्या पहिल्या १० लाख डॉलर कमाईवर काही घेत नाही, पुढे १२ टक्के, आणि इच डॉट आयओवर वाटा किती द्यायचा हे तुम्हीच ठरवता. पण कमी कापणाऱ्या दुकानात गिऱ्हाईकही कमी असेल तर फायदा कागदावरच राहतो. इचचा खरा उपयोग सुरुवातीचे नमुने लोकांच्या हाती देऊन पाहायला होतो.

४. आता उलट मोजा

महिन्याचा खर्च १,५०० डॉलर, १८ महिने: २७,०००. प्रत्यक्ष खर्च ८,०००. एकूण ३५,०००. भागिले ३.३८, म्हणजे सुमारे १०,३५० प्रती. एवढ्या विकल्या तर तुम्ही फक्त सुरुवातीच्या जागी परत येता. पुढच्या गेमसाठी काही उरत नाही.

१०,३५० हा आकडा मोठा की छोटा? ते असं तपासा. स्टीमवर किती प्रती विकल्या हे दिसत नाही, पण खेळाडूंच्या समीक्षा किती आल्या ते दिसतं. समीक्षांची संख्या गुणिले ३० हा विक्रीचा ढोबळ अंदाज या धंद्यात सर्रास वापरला जातो. कधी गुणक २० निघतो, कधी ५०, पण दिशा कळते. १०,३५० भागिले ३० म्हणजे ३४५. तुम्हाला साधारण ३४५ समीक्षा मिळवणारा गेम बनवायचा आहे.

आता स्टीमवर तुमच्या प्रकारचा टॅग (गेमच्या प्रकाराचं लेबल) उघडा, गेल्या दोन वर्षांतले गेम तारखेनुसार लावा, आणि एक घेऊन पुढचे चार सोडत २० गेम घ्या. नाव ऐकलेलं आहे म्हणून एकही घेऊ नका. इथेच सगळे घसरतात: 'स्टारड्यू व्हॅली' एकट्या माणसाने चारेक वर्षं खपून केला आणि तो तुफान चालला, हे खरं, पण तो आठवतो कारण चालला. समीक्षांचे आकडे चढत्या क्रमाने लिहा. दहावा-अकरावा आकडा म्हणजे तुमच्या प्रकारातला मधला गेम, पाचवा म्हणजे ज्याचं फारसं जमलं नाही तो. ३४५ च्या वर किती आहेत ते मोजा.

२० पैकी एक-दोनच वर असतील तर गेम वाईट ठरत नाही, बजेट चुकीचं ठरतं. तोच गेम लहान करून सहा महिन्यांत आणि ३,००० डॉलरच्या खर्चात बसवला, तर एकूण खर्च १२,००० होतो, प्रती ३,५५०, समीक्षा ११८. अचानक यादीतले बरेच गेम आवाक्यात दिसायला लागतात. वर्षाला एक छोटा गेम करणाऱ्याला तीन वर्षांत तीन वेळा शिकायला मिळतं, हा वरचा नफा.

५. किंमत आणि सवलत

नवखे लोक बिचकून किंमत कमी ठेवतात. कमी किमतीमुळे अनोळखी माणूस गेम घेईलच असं नाही, आणि सवलतीला जागा मात्र उरत नाही. किंमत नंतर उतरवता येते, चढवणं कठीण. यादीतल्या त्या २० गेमच्या किमती पाहा आणि त्याच पट्ट्यात राहा.

सवलत २० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तरच स्टीम विशलिस्टमध्ये (पुढे घ्यायच्या गेमच्या यादीत) गेम ठेवलेल्यांना ईमेल पाठवतं, तेव्हा १५ टक्क्यांची सवलत म्हणजे उगाच पैसे सोडणं. दोन सवलतींमध्ये ३० दिवसांचं अंतर लागतं. स्टीमचे मोठे हंगामी सेल त्याला अपवाद. वर्षाचं सवलतीचं वेळापत्रक आधीच मांडा: पहिल्या वर्षी २०-२५, मग ३३, मग ५०. पहिल्याच सेलमध्ये ५० गाठलंत की लोक पुढच्या ५० ची वाट पाहत बसतात.

६. पान, डेमो, तारीख

स्टीमचं पान गेम पूर्ण व्हायच्या बरंच आधी उघडा, पण कॅप्सूल आणि खऱ्या खेळाचे पाच-सहा चांगले स्क्रीनशॉट हातात आल्यावरच. पैसे भरल्यापासून ३० दिवस गेम विक्रीला आणता येत नाही, आणि 'लवकरच येत आहे' हे पान किमान दोन आठवडे दिसायला हवं. त्याशिवाय पान आणि गेम दोन्ही स्टीमची माणसं तपासतात. परत पाठवलं तर पुन्हा तेवढेच दिवस. बँक आणि कराची माहिती पडताळण्यातही वेळ जातो, कारण खात्यावरचं नाव आणि फॉर्मवरचं नाव अक्षरशः जुळावं लागतं. ही कामं शेवटच्या महिन्यावर ठेवलीत तर जाहीर केलेली तारीख हुकते.

नेक्स्ट फेस्ट हा स्टीमचा डेमोंचा (फुकट खेळायला दिलेल्या नमुना भागांचा) महोत्सव वर्षातून तीनदा होतो आणि एका गेमला त्यात एकदाच भाग घेता येतो. कच्चा डेमो घेऊन तो वाया घालवू नका. डेमो आधी काही आठवडे लोकांना खेळू द्या, कुठे कंटाळून बंद करतात ते पाहा, मगच महोत्सवात उतरा. विक्रीची तारीख त्यानंतर लवकरची ठेवा, पण हंगामी सेलच्या आठवड्यात नको.

या काळात 'मोठा चॅनल आहे, गेमची की (फुकट उघडायचा कोड) पाठवा' असे ईमेल धो-धो येतात. बरेचसे खोटे असतात. दिलेल्या 'की' दुसऱ्या दिवशी बाजारात विकायला लागतात. पत्ता चॅनलच्या पानावर दिलेल्या पत्त्याशी जुळवा. क्युरेटर (स्टीमवर गेमची शिफारस करणारे) म्हणवणाऱ्यांना ईमेलवर 'की' देऊ नका, स्टीमची क्युरेटर कनेक्ट सोय वापरा.

७. दुसऱ्याचे पैसे

सगळ्यात स्वस्त भांडवल म्हणजे अर्धवेळ नोकरी किंवा कंत्राटी काम. त्यात वेळ जातो, पण गेममधला वाटा जात नाही.

पब्लिशरकडे जाताना सहा गोष्टी न्या: खेळता येणारा भाग, दोन मिनिटांचा व्हिडिओ, महिनावार बजेट, उरलेल्या कामाचं वेळापत्रक, तुलनेचे गेम, विशलिस्टचा आकडा. करारातली महत्त्वाची ओळ कोणती, तर आगाऊ दिलेले पैसे कशातून वसूल करायचे ही. समजा ४०,००० डॉलर मिळाले आणि वाटणी निम्मी-निम्मी. स्टीमकडून पब्लिशरला दर प्रतीमागे ३.६९ येतात.

एका करारात लिहिलं असतं: आधी सगळी रक्कम पब्लिशर घेईल, वसुली झाल्यावर वाटणी. म्हणजे ४०,००० भागिले ३.६९, सुमारे १०,८४० प्रतींनंतर तुमचा वाटा सुरू. दुसऱ्यात लिहिलं असतं: वसुली डेव्हलपरच्या वाट्यातून होईल. तुमचा वाटा प्रतीमागे १.८४५, म्हणजे २१,६८० प्रती विकेपर्यंत तुम्हाला काही नाही, आणि पब्लिशर मात्र पहिल्या प्रतीपासून आपला अर्धा घेतोय. दोन्हींत '५०-५०' हेच ठळक अक्षरात असतं. त्यात जाहिरात, पोर्टिंग (गेम दुसऱ्या यंत्रावर नेणं), चाचणी यांचा खर्चही वसुलीत धरला असेल तर त्याला कमाल मर्यादा घालून घ्या. नाहीतर १०,८४० चे २०,००० होतात आणि तुम्हाला तिमाही हिशोब आल्यावर कळतं. हिशोब तपासायचा हक्क, पैसे किती दिवसांत देणार, आणि पब्लिशरने काम सोडलं तर गेमचे हक्क परत येणार का, हेही वाचा. करार वकिलाला दाखवायचे पैसे वाचवू नका.

हप्ते टप्प्यांवर मिळतात आणि टप्पा मंजूर व्हायला उशीर होतोच. दोन महिन्यांचा खर्च नेहमी स्वतःकडे ठेवा.

किकस्टार्टर ही लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करायची साइट ५ टक्के घेते, वर पैसे हाताळण्याचे वेगळे. २०१२ मध्ये डबल फाइन या स्टुडिओने चार लाख डॉलर मागितले आणि तेहतीस लाखांवर मिळाले; गेम तितकाच फुगला, पैसे पुरले नाहीत आणि तो दोन भागांत आणावा लागला. जास्त मिळाल्यावर गेम वाढवायचा नाही, हे आधी ठरवा. टी-शर्ट, मूर्ती असली बक्षिसं तर टाळाच. पाठवणीचा खर्च नफा खातो आणि महिनाभर तुम्ही पाकिटं चिकटवत बसता.

अर्ली ॲक्सेसला, म्हणजे अपुरा गेमच विकायला काढण्याला, पगार समजू नका. तिथेही पहिल्या दिवसाचीच गर्दी मोठी असते, आणि विकत घेतलेल्यांना गेम पूर्ण करून देण्याचं ओझं मात्र कायम राहतं.

८. पैसे आल्यावर

एका महिन्याच्या विक्रीचे पैसे स्टीम पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत पाठवतं, तेही १०० डॉलरच्या वर जमल्यावर. २ तारखेला गेम आणला तर पहिली रक्कम जवळजवळ दोन महिन्यांनी. अमेरिकेच्या करासाठीचा फॉर्म ऑनलाइन प्रश्नावलीतून भरला जातो: व्यक्तीला डब्ल्यू-८बेन, कंपनीला डब्ल्यू-८बेन-ई. आपल्या देशाचा कर क्रमांक त्यात घातला नाही तर कराराचा कमी दर सहसा लागू होत नाही आणि पूर्ण ३० टक्के कापले जातात. कापल्याचा दाखला जपा. आपल्या देशात कर भरताना बहुधा तो वजा मागता येतो.

रक्कम जमा झाली त्याच दिवशी आयकराचा अंदाजे भाग वेगळ्या खात्यात हलवा. पहिल्या महिन्याचा आकडा मिळकत समजू नका, कारण दुसऱ्या महिन्यात तो कोसळतो आणि पुढे सेल असतील तेव्हाच थोडा उठतो. आलेली रक्कम बनवायला लागलेल्या १८ महिन्यांनी भागा, तो तुमचा पगार. त्या पगारात दुसऱ्या माणसाला कामावर घेता येतं का, ते मग बघा.

९. थांबण्याची तारीख आधीच लिहा

पैसे भरपूर असताना, डोकं शांत असताना, दोन ओळी लिहून भिंतीवर लावा. पहिली: 'अमुक तारखेपर्यंत डेमो बाहेर नसेल तर या तीन गोष्टी गेममधून कापणार,' आणि त्या तीन गोष्टींची नावं. 'काहीतरी कमी करू' असं लिहिलंत तर त्या दिवशी काहीच कमी होत नाही.

दुसरी: चार महिन्यांचे पैसे उरले की कंत्राटी काम शोधायला लागायचं. चारच का? काम मिळायला एक-दोन महिने जातात, केलेल्या कामाचं बिल वसूल व्हायला आणखी एक-दोन. एक महिना उरल्यावर शोधायला निघालेला माणूस मिळेल त्या दरात मिळेल ते काम घेतो, आणि गेमची फाइल पुढे वर्षभर उघडत नाही. चार महिन्यांवर निघालेला आठवड्याचे तीन दिवस काम घेतो, दोन दिवस गेमला ठेवतो, आणि ठरवलेल्या तीन गोष्टी कापून तो बाजारात आणतो.